परसात फियाटसाठी गॅरेज आणि मला बसायला ऑफिस, एकाच छपराखाली जमेल का? (मुलुंड)

परसदार_मुलुंड:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, पहिल्यांदाच विचारतोय, लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

मुलुंड पश्चिमेला आमचं जुनं बैठं घर आहे, आजोबांनी बांधलेलं. आजूबाजूला सगळे टॉवर झाले आणि आम्ही मधे खड्ड्यात बसल्यासारखे. मागे परसात साधारण ३२ बाय २० फूट मोकळी जागा, त्यात एक फणस आणि कपडे वाळत घालायच्या तारा. घराच्या डाव्या बाजूने गाडी मागे नेता येते, बोळ ८ फुटांचा आहे.

आता प्रश्न दोन आहेत पण जागा एकच. एक म्हणजे बाबांची फियाट, १९८४ ची पद्मिनी. अजून चालू आहे, दर रविवारी सकाळी बाबा एलबीएस रोडने भांडुपपर्यंत फिरवून आणतात आणि मग दिवसभर खुश असतात. ती सध्या निळ्या ताडपत्रीखाली उभी असते आणि दरवाज्यांच्या खालच्या कडा गंजून पापडासारख्या सुटायला लागल्यात. दुसरा प्रश्न मी. आठवड्यातले तीन दिवस घरून काम, त्यातही कॉल संध्याकाळी सात ते अकरा, म्हणजे नेमकं आईच्या सिरीयल, बायकोचा कुकर आणि दोन पोरांची मारामारी हे सगळं एकदम. मी बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसतो, क्लायंटला आता आमच्या कुकरच्या शिट्ट्या पाठ झाल्यात.

तर डोक्यात असं आहे की मागच्या भिंतीला लागून आडवं २६ बाय ११ फुटांचं बांधायचं, १७ फूट गाडीला, ९ फूट ऑफिसला. मधे एक दार म्हणजे मला तिकडूनही जाता येईल. विटा की पॅनल? स्लॅब की पत्रा? एक कॉन्ट्रॅक्टर येऊन बघून गेला, म्हणाला पत्र्याचं आहे, परमिशन कशाला लागते, आठ दिवसांत उभं करून देतो. त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतोय पण ठेवत नाहीये.

सायटवरचा:
नाही ठेवलात ते बरं केलंत.

पत्र्याचं असो नाहीतर काचेचं, जमिनीत पाय रोवून उभं केलं आणि आत गाडी किंवा माणूस बसवला की ते बांधकामच. मुंबईत त्याची वाट ठरलेली आहे, आर्किटेक्ट किंवा लायसन्स सर्व्हेअर धरायचा, तो ऑनलाईन प्लॅन टाकणार, मग आयओडी मिळतो. नाव ऐकून घाबरू नका, इन्टिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल, म्हणजे नामंजुरीचं पत्र, पण आपल्याकडे हीच मंजुरी 😄 १८८८ च्या महापालिका कायद्याचं ३४६ कलम आहे, अमुक अटी पूर्ण करा नाहीतर नामंजूर, असा त्याचा अर्थ. मग एमआरटीपी म्हणजे नगररचना कायद्याखाली सीसी, म्हणजे काम सुरू करायचा दाखला, प्लिंथ (जोतं) झाली की ती तपासून पुढचं.

आणि एक गोष्ट सगळ्यांना उशिरा कळते, परसातली रिकामी जागा कागदावर रिकामी नसते, ती मार्जिन असते. कंपाउंडपासून किती सोडायचं, घरापासून किती, हे डीसीपीआर २०३४ मध्ये, म्हणजे मुंबईच्या बांधकाम नियमावलीत, ठरलेलं आहे, त्यामुळे "मागच्या भिंतीला लागून" हे तुमचं वाक्य आत्ताच खोडा. उपनगरात बेसिक एफएसआय १, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाएवढं बांधकाम, बैठं घर असल्याने तुमचा बराचसा शिल्लक असणार, त्यामुळे ऑफिसची खोली त्यात बसेल. खरी मारामारी मार्जिनची होते. पहिल्या भेटीत सर्व्हेअरला हेच विचारा, रंग नि टाईल नंतर.

आमच्या ओळखीत एकाने अशीच मागे खोली काढली होती, बिनपरवाना. वर्षभर काही नाही. मग शेजारी टॉवर झाला. विसाव्या मजल्यावरून तुमचं परस टीव्हीसारखं दिसतं हो, फोटो काढून तक्रार टाकायला किती वेळ लागतो? नोटीस आली, शेवटी स्वतःच्या खर्चाने बांधलेलं स्वतःच्या खर्चाने पाडलं.

प्रॉपर्टी कार्डावर कोणाकोणाची नावं आहेत?

परसदार_मुलुंड:
बाबा आणि काका. काका डोंबिवलीला असतात. बोलणं आहे, पण जागेचा विषय निघाला की दोघंही हवामानावर बोलायला लागतात.

सायटवरचा:
मग पहिली वीट काकांची सही. हसू नका, खरंच सांगतोय.

फणसाचं पण सांगून ठेवतो, झाड तुमच्या अंगणात असलं तरी तोडायला, मोठ्या फांद्या छाटायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. झाड ठेवूनच आखा. सलग पाया खणू नका, मुळं तुटतात आणि दहा वर्षांनी झाड तुमच्याच छपरावर येतं, सुटे फुटिंग घ्या, म्हणजे प्रत्येक खांबाखाली वेगळा पाया, आणि वरून ते जोडणारा प्लिंथ बीम.

कार्बोरेटर:
८४ ची पद्मिनी!! फोटो टाका की राव. रंग कुठला? ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली तेव्हा मी मुद्दाम सीएसटीला जाऊन उभा होतो.

आता गाडीबद्दल बोलतो कारण वरच्या भाऊंनी कागदाचं सांगितलंच आहे. लोकांना वाटतं जुनी गाडी म्हणजे बंद खोलीत कुलूप लावून ठेवली की सुरक्षित. मुंबईत उलट होतं. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, हवा ओली, बंद गॅरेजमध्ये ती ओल कोंडते आणि गाडी आतून बाहेरून हळूहळू उकडते. माझी एक गाडी मी शटर लावून जून ते सप्टेंबर ठेवली होती, दसऱ्याला उघडलं तर स्टिअरिंगवर पांढरी बुरशी, सीटवर हिरवी. त्याच वर्षी शेजाऱ्याची नुसत्या छपराखाली उभी होती, तिला काही झालं नाही. गाडीला डोक्यावर छप्पर, पायाखाली कोरडी जमीन आणि चारी बाजूंनी वारा हवा. भिंती तुम्हाला हव्यात, गाडीला नकोत.

तुमची पापडी कुठून येतेय तेही सांगतो, ती वरून नाही खालून येते. कच्च्या मातीवर उभी आहे ना? मातीतली वाफ रात्रभर फ्लोअरला आणि दरवाज्यांच्या पोटाला लागते, वरून ताडपत्री, म्हणजे मोदकपात्रच झालं. ताडपत्री आजच काढा, बांधकाम होईल तेव्हा होईल. तोवर दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी निघायची छोटी भोकं असतात ती काडीने साफ करा, त्यात माती बसलेली असणार, पाणी दरवाज्यातच तुंबतं. नवीन फ्लोअरला पीसीसीच्या (साध्या काँक्रीटच्या) खाली जाड प्लास्टिक अंथरून घ्या, खर्च किरकोळ आहे पण नंतर करता येत नाही. महिनाभर निघणार नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवायची आणि टाकी भरलेली ठेवायची, अर्धी रिकामी ठेवली तर आत घाम धरतो आणि टाकी गंजते.

चेंबूरची_सीए:
मी गेली सहा वर्षं अशाच मागच्या खोलीत बसते म्हणून लिहिते. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळचं आउटहाऊस होतं, तेच दुरुस्त केलं, त्यामुळे परवानगीचं वरचे दादा सांगतात तेच ऐका.

मला कोणी सांगितलं नव्हतं ते सांगते. पत्रा. पहिल्या वर्षी साधा पत्रा होता, जुलैमध्ये क्लायंट फोनवर विचारायचे मॅडम तुम्ही लोकलमध्ये आहात का. खोटं नाही, एक पूर्ण असेसमेंटचा कॉल मी मेसेजवर टाईप करून निभावला. मग ५० एमएमचं पफ पॅनल (दोन पत्र्यांच्या मधे फोम) टाकलं, उन्हाळ्याचा ताप पुष्कळ कमी झाला पण आवाज पूर्ण नाही गेला, त्याच्याखाली रॉकवूल (दगडी लोकर) भरून फॉल्स सीलिंग केलं तेव्हा कुठे बोलता यायला लागलं. तुमचं कामच जर कॉलवर असेल तर ऑफिसच्या भागावर सरळ स्लॅब घाला, वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), आणि गाडीच्या भागावर पत्रा चालेल, तिला कॉल नसतात.

आणि फणस आहे म्हणताय, तर पत्रा फणसाखाली येऊ देऊ नका. आमच्याकडे नारळ होता, एक पडला तेव्हा मला वाटलं सिलेंडर फुटला.

दुसरं, घर ते ऑफिस हे अंतर कागदावर पंधरा पावलं वाटतं. पावसात, एका हातात लॅपटॉप, एका हातात चहा, पायात स्लिपर, खाली शेवाळ. मी दोनदा पडलेय. स्वयंपाकघराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत छप्पर हवंच, निदान वळचण तरी दोन अडीच फूट बाहेर काढा म्हणजे पागोळ्या अंगावर येत नाहीत. वाट खडबडीत कोट्याची करा, पॉलिश नको.

टॉयलेट घेऊ नका. मोह होतो. ड्रेनेज, ढाळ, चेंबर आणि परवानगीत आणखी एक फाटा. घरात जायला लागलं की पोरं भेटतात, तेवढाच ब्रेक 🙂

सायटवरचा:
ताईंच्या पत्र्यावर सहमत. नवं काम आहे तर सिपोरेक्सच्या (सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) भिंती घ्या, ६ इंची, हलक्या पडतात आणि ऊन कमी येतं. पण पावसाच्या बाजूला बाहेरून प्लास्टर दोन हात आणि चांगला रंग, नाहीतर सिपोरेक्स पाणी पितं.

आता ते मधलं दार. काढून टाका डोक्यातून. कार्बोरेटरची गाडी चालू केली की धूर तर आहेच, आणि बंद असली तरी पेट्रोलचा वास सुटतो, तो नऊ फुटांच्या एसी लावलेल्या खोलीत ओढला जातो. दार नको आणि मधली भिंत वर छपराला चिकटेपर्यंत न्या, फॉल्स सीलिंगपर्यंत नेऊन थांबवतात ती चूक असते, वरून सगळं आरपार येतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साठते, म्हणून गाडीच्या बाजूला जाळी खालीही हवी आणि वरही. ऑफिसची लादी गॅरेजपेक्षा निदान ६ इंच वर.

आणि लेव्हल! २६ जुलैला तुमच्या परसात पाणी कुठपर्यंत आलं होतं? सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडलं होतं, २००५ ला घरात जे कोणी मोठं होतं त्याला विचारा. त्या खुणेच्या वर ऑफिस. बाकी सगळं थिअरी.

वायरमन_भाऊ:
लाईटचं कोणीच बोललं नाही म्हणून. मुलुंडला महावितरण. घरातल्या बोर्डावरून एक्स्टेंशन ओढून एसी नि कॉम्प्युटर चालवायचं काम करू नका, भले आठ दिवस असो. मेन डीबीवरून (मुख्य बोर्डावरून) वेगळा एमसीबी म्हणजे ट्रिप होणारा स्विच, तिथून आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल अडीच फूट खोल, वर वाळू आणि विटांचा थर, कारण दोन वर्षांनी कोणीतरी तिथे जास्वंद लावायला पहार मारणार. मागे छोटा डीबी, त्यात ३० मिलिअॅम्पचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच), आणि अर्थिंगचा खड्डा तिथलाच वेगळा. गॅरेजमधले प्लग कमरेच्या वर, वर भाऊंनी पेट्रोलच्या वाफेचं लिहिलंय त्यासाठीच.

आज फियाट आहे, उद्या इलेक्ट्रिक येणारच. साध्या १५ अॅम्पच्या प्लगवर ३.३ किलोवॅटचा चार्जर चालतो, रात्रभर लावला की झालं. भिंतीवरचा ७.४ वाला ३२ अॅम्प घेतो, त्याला मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. आत्ता फक्त एक जादा पाईप टाकून ठेवा, रिकामा, आत दोरी ओवून. मला दुवा द्याल.

नेटची वायर लाईटच्या पाईपातून घेऊ नका, वेगळा पाईप, मधे फूटभर अंतर. वायफाय दोन भिंती आणि एक परस ओलांडून जाईल असं घरातले सगळे सांगतील, जात नाही.

नुसतं_छप्पर:
एक साधा प्रश्न, कोणी रागावू नका. ८ फुटांच्या बोळातून गाडी आली आणि तुमचं गॅरेज आडवं आहे, म्हणजे आत शिरायला काटकोनात वळायला लागणार. फणस कुठे आहे? पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी सत्तरीच्या माणसाने दर वेळी पुढे मागे करायची?

एक काम करा, काही बांधू नका. फक्की आणा, जमिनीवर भिंती आखा आणि गाडी प्रत्यक्ष घालून बघा. सगळी दारं उघडा, डिकी उघडा, बॉनेट उघडा.

परसदार_मुलुंड:
मंडळी, दोन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

फक्की मारली. आधी टेपने गाडी मोजली, लांबी तेरा फुटांना जरा कमी, रुंदी पावणेपाच फुटांच्या वर थोडी. आत दहा फूट रुंदी मिळाली तर दोन्ही बाजूंना अडीच फूट राहतात, दार पूर्ण उघडतं. म्हटलं झालं, बसलं. मग बाबांना गाडी आत घ्यायला सांगितली. बोळातून आली, वळली, आणि बॉनेट सरळ फणसाच्या समोर. मागे घेतली, परत वळवली, तिसऱ्या वेळी बाबा काच खाली करून म्हणाले, "हे गॅरेज कोणी काढलंय, त्याला गाडी चालवता येते का?" 

मीच काढलेलं.

मग तिथल्या तिथे पाय घासून रेषा पुसल्या आणि दुसऱ्या मारल्या. आता गाडी बोळाच्या सरळ रेषेतच पुढे जाऊन थांबते, वळायचंच नाही. १८ फूट लांबी धरली, कारण सर्व्हेअर म्हणाला मोठ्या गाडीची जागा कागदावर २.५ बाय ५.५ मीटर धरतात, उद्या दुसरी गाडी आली तरी अडायला नको. ऑफिस तिच्या उजव्या कुशीत, १० बाय ११, दार स्वयंपाकघराकडे. कार्बोरेटर भाऊंचं ऐकून गाडीला भिंती काढून टाकल्या, ऑफिसची एक भिंत सोडली तर बाकी खांब आणि कमरेपर्यंत जाळीच्या विटा. पैसे वाचले ते ऑफिसच्या स्लॅबला. मागच्या कंपाउंडपासून सर्व्हेअरने सांगितलं तेवढं सोडलंय, त्यामुळे कपड्यांच्या ताराही वाचल्या, आई त्यावरच जास्त खुश आहे.

२६ जुलैचं आईला विचारलं. ती उठून मागच्या दाराशी गेली आणि दुसऱ्या पायरीवर बोट ठेवलं, म्हणाली इथपर्यंत, आणि तेव्हा फियाटच्या सीटखालून माझी चप्पल तरंगत निघाली होती. ऑफिसची लादी तिसऱ्या पायरीच्या लेव्हलला ठरवली. गाडीला तेवढं उचलता येत नाही, रॅम्प फार चढा होतो, तिच्यासाठी फ्लोअरला बाहेरच्या बाजूला ढाळ आणि तोंडाशी जाळीचं गटार. सीएताई, टॉयलेट काढलं, वळचण अडीच फूट घेतली. रिकामा पाईप दोरीसकट नकाशात आहे.

गंजाचं तर विचारू नका, दरवाज्याच्या भोकांत काडी घातली तर वाटीभर चिखल निघाला.

आता राहिली काकांची सही. फोन केला, पहिली पाच मिनिटं हवामान झालं. मग मीच सांगून टाकलं की फियाटसाठी करतोय. ते जरा वेळ गप्प, मग म्हणाले की ती गाडी घेतली तेव्हा पहिल्यांदा मी चालवली होती, तुझ्या बापाला तेव्हा लायसन्सही नव्हतं. सही करतो, पण रविवारी फियाटने न्यायला या.

कार्बोरेटर:
मुलुंड ते डोंबिवली, शिळफाट्याचा ट्रॅफिक, रविवार. निघायच्या आधी रेडिएटर बघा, डिकीत पाण्याचे दोन कॅन ठेवा, आणि फॅन बेल्ट जुना असेल तर शनिवारीच बदला. आणि फोटो अजून टाकला नाहीत.